साप्ताहिक प्रवचनाची तयारी आणि पाळकाचा वेळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहरात आणि कामठी, उमरेड, काटोल या बाजूच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) नव्याने सेवेला लागलेले पाळक, तसेच अधूनमधून व्यासपीठावर उभे राहणारे मंडळीचे वडील (मंडळीतील जबाबदार ज्येष्ठ सभासद) भेटले की प्रवचनाच्या तयारीविषयी बहुधा हेच प्रश्न विचारतात. खालील उत्तरे एका पाळकाच्या दीर्घ सेवेतील अनुभवावर आधारलेली आहेत. प्रत्येकाच्या मंडळीची घडी वेगळी असल्यामुळे तास आणि वार आपापल्या सोयीने बदलून घ्यावेत, परंतु शनिवारच्या रात्रीवर तयारी सोपवू नये, एवढा आग्रह मात्र मी सर्वांना धरतो.

एका प्रवचनाच्या तयारीला किती तास द्यावेत?

वीस ते पंचवीस मिनिटांच्या प्रवचनाला मला आठ ते दहा तास लागतात. सेवेच्या पहिल्या चार-पाच वर्षांत बारा-चौदा तास लागत असत आणि त्यात वावगे काहीच नव्हते, कारण त्या काळात प्रत्येक शास्त्रभाग प्रवचनासाठी प्रथमच उघडला जात असतो. मात्र एकूण तासांपेक्षा ते तास आठवड्यात कसे पसरले आहेत, हे अधिक महत्त्वाचे आहे. शनिवारी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत सलग आठ तास बसलेला पाळक आणि मंगळवारपासून रोज सकाळी दीड-दोन तास बसलेला पाळक यांच्या प्रवचनांतला फरक मंडळीला पहिल्या पाच मिनिटांत कळतो. मंगळवारी वाचलेला भाग आपण दुचाकीवरून सदर भागातून मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जाताना, कोणाच्या ओसरीवर चहा घेताना किंवा बँकेच्या रांगेत उभे असताना मनात मुरत राहतो, आणि बुधवारी सकाळी आपण पुन्हा वही उघडतो तेव्हा आदल्या दिवशी न दिसलेले दोन-तीन प्रश्न आपोआप समोर आलेले असतात. हे मुरण्याचे काम कोणत्याही घड्याळात मोजता येत नाही आणि शनिवारी बसणाऱ्याला ते मिळतही नाही.

मग आठवड्याची आखणी नेमकी कशी करावी?

रविवारी संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेत पुढच्या रविवारचा शास्त्रभाग एकदा मोठ्याने वाचावा, एवढेच. सोमवार विश्रांतीचा ठेवावा.

मंगळवारी सकाळी भाष्यग्रंथाला हात न लावता तो भाग तीन वेळा, शक्य तर दोन वेगवेगळ्या मराठी भाषांतरांतून वाचावा. मी रोजच्या वापरातील पवित्र शास्त्राच्या शेजारी पंडिता रमाबाईंचे, त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झालेले भाषांतर उघडे ठेवतो. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून हे काम केले आणि साध्या माणसाला समजेल अशी भाषा जाणीवपूर्वक वापरली, त्यामुळे दोन भाषांतरांत जिथे शब्द वेगळे पडतात तिथे थांबून पाहण्यासारखे काहीतरी असतेच. वाचताना पडलेले सगळे प्रश्न, अगदी बाळबोध वाटणारेसुद्धा, लिहून काढावेत.

बुधवारी संदर्भ, पार्श्वभूमी आणि भाष्यग्रंथ पाहावेत. त्याच दिवशी उपासना संगीत या गीतसंग्रहातील गीते निवडून गायकवृंदाला क्रमांक कळवावेत, म्हणजे त्यांना सरावाला दोन संध्याकाळी मिळतात आणि शनिवारी रात्री ‘पाळकसाहेब, कोणती गाणी?’ असे फोन येत नाहीत.

गुरुवारचे काम सर्वांत कठीण आणि सर्वांत अधिक वेळ वाचवणारे आहे. त्या दिवशी प्रवचनात जे सांगायचे आहे ते एका वाक्यात लिहायचे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील दोन मुलांचा दाखला घ्या. ‘देव क्षमाशील आहे’ असे वाक्य लिहिले तर ते खरे असूनही कामाचे नाही, कारण ते शंभर शास्त्रभागांना लागू पडते आणि त्याखाली कोणतेही उदाहरण खपते, म्हणून निवड करताना आपला सगळा शुक्रवार वाया जातो. आता पुन्हा वाचून पाहा. घर सोडून वाट्याची संपत्ती उधळलेला धाकटा मुलगा डुकरांच्या शेजारी बसून बापापुढे करायचे भाषण तयार करतो आणि त्याचे शेवटचे वाक्य असते, आपल्याला मोलकरी म्हणून ठेवावे. घरी पोहोचल्यावर तो भाषणाला सुरुवात करतो, पण हे शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून येण्यापूर्वीच बाप चाकरांना उत्तम झगा आणायला सांगतो. ‘मुलाने मोलकऱ्याची जागा मागण्यापूर्वीच बापाने त्याला मुलाची जागा दिली’ हे वाक्य गुरुवारी हाती आले, की कोणते उदाहरण ठेवायचे, कोणते गाळायचे आणि शेवट कुठे करायचा, हे ठरवायला फार वेळ लागत नाही.

शुक्रवारी लेखन करावे. शनिवारी सकाळी रिकाम्या मंदिरात उभे राहून एकदा पूर्ण प्रवचन मोठ्याने म्हणून पाहावे, अडखळलेली वाक्ये तिथेच दुरुस्त करावीत आणि संध्याकाळी सहानंतर कागद हातात घेऊ नये.

शुक्रवारी किंवा शनिवारी मंडळीत मृत्यू झाला तर ही आखणी कोलमडत नाही का?

कोलमडते. मला हे एका शनिवारी शिकावे लागले. त्या काळी माझी सगळी तयारी शनिवारच्या दुपारी सुरू होत असे. सकाळी अकराला एका ज्येष्ठ सभासदाच्या निधनाचा निरोप आला, घरची प्रार्थना, मंदिरातील उपासना, दफनविधी आणि पुन्हा घरी जाऊन कुटुंबाजवळ बसणे, हे सर्व आटोपून मी रात्री नऊनंतर परतलो. मग कपाटातील फाइल काढली आणि सव्वा वर्षापूर्वीचे प्रवचन दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे केले. उपासनेनंतर दाराशी हस्तांदोलन करताना एका वृद्ध ताईंनी आपली वही उघडून दाखवली. ‘पाळकसाहेब, हे मागच्या साली पण सांगितलं होतं तुम्ही. माझ्या वहीत लिहून आहे,’ असे त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या. वहीत तारीख होती, शास्त्रभाग होता आणि माझे तीन मुद्दे एकाखाली एक नीट लिहिलेले होते. मी जे फाइलमधून घाईने काढले, ते त्यांनी सव्वा वर्ष जपून ठेवले होते, याचे दुःख मला अजूनही होते.

तेव्हापासून मी एक नियम पाळत आलो आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत प्रवचन अशा अवस्थेत असले पाहिजे, की त्यानंतर एक मिनिटही मिळाले नाही तरी ते रविवारी प्रामाणिकपणे सांगता येईल. शास्त्रभाग समजलेला, एक वाक्य सापडलेले, तीन-चार टप्पे कागदावर असलेले, इतके पुरे. शुक्रवारी आणि शनिवारी प्रवचन सुधारते, पण त्या दोन दिवसांवर ते अवलंबून राहता कामा नये. याशिवाय सणावाराशी बांधलेले नसलेले, पूर्ण लिहिलेले आणि कधीही न केलेले एक राखीव प्रवचन जवळ असावे. शांत आठवड्यात ते लिहावे आणि वापरले गेले की पुढच्या दोन महिन्यांत त्याची जागा भरून काढावी.

भेटी, आजारी, समित्या आणि लोकांचे फोन यांतून सकाळची वेळ कशी राखायची?

मागून घ्यावी लागते, आणि उघडपणे मागावी लागते. पाळक समितीच्या बैठकीत विषय मांडून मंगळवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ ही वेळ अभ्यासाची म्हणून ठरवून घ्यावी आणि ती रविवारी सर्वांसमोर जाहीर करावी. मृत्यू, अपघात आणि गंभीर आजार यांना हा नियम लागू नाही, हेही त्याच वेळी सांगावे. त्या तीन तासांत मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सचिव किंवा एखाद्या जबाबदार वडिलांचा क्रमांक लोकांना द्यावा. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय यात प्रेषितांनी विधवांना रोज अन्न वाटण्याचे काम कमी लेखले नाही, त्यासाठी त्यांनी सात चांगली माणसे नेमली आणि स्वतः प्रार्थना व वचनसेवा यांत राहिले. मंडळीला हा भाग समजावून सांगितला तर ती समजून घेते. नागपूरची माणसे बोलण्यात मोकळी आहेत, त्यामुळे आपण न सांगता दार बंद ठेवले तर त्यांना वाईट वाटते आणि कारण सांगून बंद ठेवले तर तीच माणसे इतरांना दारातून परत पाठवतात.

तथापि भेटी आणि तयारी यांना एकमेकांचे शत्रू मानू नये. त्या आठवड्याचा शास्त्रभागच मी आजाऱ्यांच्या उशाशी वाचतो. एकदा मार्कच्या पाचव्या अध्यायातील याइराची मरणोन्मुख मुलगी आणि तिच्याकडे जाताना येशूला वाटेत भेटलेली रक्तस्रावाने पीडित स्त्री हा भाग चालू होता. मेडिकलच्या एका वॉर्डाबाहेर मुलीच्या शस्त्रक्रियेची वाट पाहत बसलेल्या बापाला मी तो वाचून दाखवला. तो बराच वेळ हातातील केसपेपरची घडी घालत आणि उलगडत राहिला, आणि मग म्हणाला, ‘त्या बाईसाठी येशू थांबला, तेवढ्या वेळात याइराला काय वाटलं असन?’ मी त्या भागावर तोवर दोन वेळा प्रवचन केले होते आणि दोन्ही वेळा स्त्रीच्या विश्वासावर बोललो होतो. थांबून राहावे लागलेल्या बापाकडे मी पाहिलेच नव्हते. त्या रविवारचे प्रवचन त्या प्रश्नावर उभे राहिले, आणि तो प्रश्न मला अभ्यासिकेत कितीही तास बसून सुचला नसता.

शास्त्रभाग दर आठवड्याला स्वतः निवडावा की लेक्शनरीप्रमाणे (प्रत्येक रविवारचे शास्त्रभाग ठरवून दिलेल्या यादीप्रमाणे) चालावे?

निवडण्यातच ज्यांचे मंगळवार आणि बुधवार जातात, त्यांनी लेक्शनरीप्रमाणे चालावे. अनेक पंथांत वापरली जाणारी सुधारित सामाईक लेक्शनरी तीन वर्षांच्या फेऱ्याची आहे. एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहानाचे भाग तिन्ही वर्षांत विशेषतः सणांच्या काळात विखुरलेले आहेत. ज्या इसवी सनाला तीनने पूर्ण भाग जातो ते लूकचे वर्ष, हे लक्षात ठेवले की यादी शोधावी लागत नाही. २०२५ लूकचे, २०२६ मत्तयचे, २०२७ मार्कचे. मात्र हे वर्ष जानेवारीत नव्हे, तर त्याआधीच्या आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होते. ज्या मंडळ्यांत लेक्शनरीची पद्धत नाही, त्यांनी एखादे पुस्तक क्रमाने घ्यावे. फिलिप्पैकरांस पत्र आठ-दहा रविवारांत नीट होते आणि पार्श्वभूमीचा अभ्यास एकदाच करावा लागतो.

डिसेंबर आणि पवित्र सप्ताहात (ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात) तर श्वास घ्यायलाही वेळ नसतो. त्याचे काय करावे?

त्या दिवसांची तयारी त्या दिवसांत करायचीच नाही. डिसेंबरमध्ये घरोघरी कॅरोल, संडे स्कूलचा कार्यक्रम, महिला संघाचा कार्यक्रम, लग्ने आणि बाहेरगावचे पाहुणे असतात, त्यामुळे आगमनकाळाचे चारही रविवार, नाताळ आणि वर्षअखेरची उपासना यांची एक-एक वाक्ये नोव्हेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत वहीत असावीत. उत्तर भारतीय मंडळीच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) पाळकांना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सहा मंडळ्यांचे ऐक्य होऊन ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात स्थापन झाली आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्यामुळे स्थापनादिनाची उपासना आणि आगमनकाळाची सुरुवात दरवर्षी जवळजवळ हातात हात घालून येतात, आणि दोन्हींची तयारी एकाच आठवड्यात करण्याची वेळ बेसावध पाळकावर येते.

पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो, म्हणून त्याची तारीख जानेवारीतच दैनंदिनीत लिहून उलटी मोजणी करावी. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांपैकी किमान चार उद्गार मंडळीतील इतरांना द्यावेत आणि ते राखेच्या बुधवारपूर्वीच, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होण्याआधीच, वाटून द्यावेत. सातही उद्गार एकट्याने घेऊन रविवारी पहाटे पुनरुत्थानाचा संदेश देणाऱ्या पाळकाचा आवाज आणि मन दोन्ही थकलेले असतात, आणि वर्षातील सर्वांत आनंदाच्या वार्तेला त्या थकव्याची झळ लागू देणे मला योग्य वाटत नाही.

यूट्यूब, व्हॉट्सॲपवर येणारी तयार प्रवचने आणि चॅटजीपीटी यांची मदत घ्यावी का?

मंगळवारी मुळीच नाही. स्वतःचे प्रश्न लिहिण्यापूर्वी दुसऱ्याचे उत्तर ऐकले की आपले प्रश्न बंद पडतात. बुधवारनंतर एखाद्या शब्दाचा अर्थ, एखाद्या गावाचे अंतर, एखादी तारीख पाहण्यासाठी या साधनांचा उपयोग करण्यास हरकत नाही, परंतु मिळालेली माहिती भाष्यग्रंथाशी ताडून पाहावी, कारण ही साधने चुकीचा संदर्भही ठामपणे देतात. पूर्ण प्रवचन तयार मागवणे मात्र मी चूक मानतो. वेळ वाचतो हे खरे, पण त्या मजकुराला वॉर्डाबाहेर बसलेला बाप माहीत नसतो, आणि मंडळीने पाळकाला अभ्यासासाठी जी सकाळ दिलेली असते ती याच माणसांसाठी दिलेली असते.

प्रवचन पूर्ण लिहावे की मुद्दे पुरेत?

पहिली पाच वर्षे पूर्ण लिहावे. मराठीत स्पष्ट आणि सावकाश बोलल्यास मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे वीस मिनिटांसाठी दोन हजार शब्द, आणि लिहिताना तीन हजारांवर गेलात तर कात्री कुठे लावायची हे शुक्रवारीच कळते. व्यासपीठावर नेताना मुद्द्यांचा एकच कागद न्यावा.

लिहिण्याचे दुसरेही कारण आहे. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून मृत्यू पावले, आणि मध्य प्रांतातील आदिवासींविषयीची त्यांची टिपणे ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. कामाच्या धबडग्यात वहीत उतरवलेले होते म्हणून ते आज वाचता येते. पाळकाच्या खिशात नेहमी एक लहान वही असावी, कारण भेटीत ऐकलेले वाक्य संध्याकाळपर्यंत त्याच शब्दांत आठवत नाही.

आमच्याकडे मराठी आणि हिंदी अशा दोन उपासना होतात. दोन प्रवचने तयार करावी लागतात का?

नाही, शास्त्रभाग आणि वाक्य एकच ठेवावे. मात्र मराठी कागद समोर ठेवून उभ्या-उभ्या हिंदी करू नये, कारण पवित्र शास्त्रातील शब्द दोन्ही भाषांत वेगळे आहेत आणि तिथेच अडखळायला होते. शनिवारच्या सकाळी वीस मिनिटे केवळ हिंदी शास्त्रपाठ मोठ्याने वाचण्यासाठी ठेवावीत. दुभाष्या उभा असेल तर वीस मिनिटांचे प्रवचन चाळीस मिनिटांचे होते, म्हणून अर्धेच लिहावे आणि ते दुभाष्याला शुक्रवारी द्यावे.

मी पूर्णवेळ नोकरी करून मंडळी सांभाळतो. मला आठ तास मिळणे शक्य नाही.

मग चार तासांत जे नीट होईल तेवढेच करावे आणि त्याबद्दल मनात अपराधीपणा बाळगू नये. पहाटे चार दिवस पाऊण-पाऊण तास आणि शनिवारी एक तास, अशी वाटणी होऊ शकते. प्रवचन बारा-पंधरा मिनिटांचे ठेवावे, एकच शास्त्रभाग दोन रविवार घ्यावा, आणि जाण्यायेण्याच्या वेळात ध्वनिमुद्रित पवित्र शास्त्रातून तोच भाग ऐकावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात अभ्यास कसा होतो?

पहाटे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना दुपारी कूलरसमोर बसूनही एकाग्रता राहत नाही, त्यामुळे लेखन सकाळी आठच्या आत संपवून दुपारी केवळ वाचन किंवा झोप ठेवावी. सुट्टीतील बायबल शाळेच्या आठवड्यात मी मुलांना जो भाग शिकवतो तोच रविवारी घेतो.

कुटुंबाला वेळ कधी द्यायचा?

हा प्रश्न पाळकांपेक्षा पाळकीणबाई अधिक विचारतात, आणि त्यांचा तो हक्क आहे. मुलांच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे रविवारी, वडील घरी नसतात, आणि वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे सोमवारी, मुले शाळेत असतात. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सहानंतरचा वेळ घरचा असावा, ही अट मी प्रवचनाच्या आखणीतच घातली आहे. जेवण सर्वांनी एकत्र करावे आणि त्या वेळी उद्याच्या प्रवचनाचा विषय काढू नये. सोमवारी समितीची बैठक ठेवण्याची मागणी आली तर नम्रपणे दुसरा वार सुचवावा.

व्यासपीठ दुसऱ्याला दिले तर मंडळी नाराज होत नाही का?

अचानक दिले तर होते. ठरलेल्या क्रमाने दिले तर होत नाही. वर्षात चार, क्वचित पाच महिने असे येतात की त्यांत पाच रविवार असतात. पाचवा रविवार मंडळीतील वडिलांचा किंवा तरुण संघाचा, असे समितीकडून वर्षाच्या आरंभीच ठरवून घ्यावे. त्यांना शास्त्रभाग सहा आठवडे आधी द्यावा, गुरुवारी त्यांच्यासोबत तासभर बसून त्यांचे एक वाक्य ऐकावे, आणि त्या रविवारी आपण सकाळी मागच्या बाकावर कुटुंबासह बसून ऐकावे.